आईचे नाव

आज शाळेचा अर्ज भरताना माझ्या १० वर्षांच्या मुलीने ‘आईचे नाव’ या रकान्यात तिच्या आईचे नाव लिहिले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि खोडरबराने ते इतक्या जोरात पुसले की कागदच फाटला. तिच्या आईला जाऊन ३ वर्षे झाली आहेत आणि माझ्या दुसऱ्या लग्नाला अजून ४ महिनेही झालेले नाहीत.

तिला माझी पत्नी आवडत नाही, असेच मी इतके दिवस धरून चाललो होतो. “मी त्यांच्याशी हसले तर आईला वाईट वाटेल ना, बाबा?” असे तिने आज विचारले, तेव्हा मला कळले की माझी पत्नी तिला आवडते आहे, आणि नेमके तेच या लेकराला सहन होत नाही. मुलांचे दुःख एकदाच रडून संपत नाही. समज वाढते तशी ती तेच दुःख नव्याने सोसतात, हे मी विसरलो होतो आणि त्याची मला मनापासून खंत वाटते.

फाटलेल्या जागी माझ्या पत्नीने मागून चिकटपट्टी लावली आणि पेन्सिल मुलीच्या हातात दिली. मुलीने आईचे नाव पुन्हा लिहिले, या वेळी थोड्या मोठ्या अक्षरांत.