सहाही नोडवर फाइल एकच, मग चौथा नोड वेगळा का?

रात्री साडेअकराला फोन आला तो आमच्या कुबरनेटिस क्लस्टरमधल्या (कंटेनरमधले प्रोग्रॅम अनेक मशिनांवर वाटून चालवणारी यंत्रणा) तिसऱ्या नोडसाठी, म्हणजे तिसऱ्या मशिनसाठी. नवे पॉड (नोडवर चालणारे कंटेनरचे गट) ‘कंटेनर क्रिएटिंग’वर अडकलेले, आणि लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड मारून पाहिली, डिस्क १०० टक्के भरलेली. डिस्क भरतात, त्यात नवल नाही. पण कुबसीटीएल या कुबरनेटिसच्या कमांडने नोडची माहिती काढली आणि मी थबकले. डिस्क प्रेशरच्या (जागा कमी पडल्याची खूण) पुढे ‘फॉल्स’ होतं, आणि शेजारी कारण: क्युबलेट हॅज नो डिस्क प्रेशर. क्युबलेट म्हणजे प्रत्येक नोडवर पॉड सांभाळणारा प्रोग्रॅम.

आमचा कुबरनेटिस क्लस्टर छोटा आहे. उबुंटूवर क्युबॲडमने (क्लस्टर उभारायचं साधन) उभारलेले सहा वर्कर नोड. डिस्कची मोकळी जागा १० टक्क्यांच्या खाली गेली की क्युबलेटने स्वतःहून पॉड हाकलायला सुरुवात करावी, ही त्याची मुळातली सवय. आम्ही ती कधी बंद केली नव्हती. निदान त्या रात्री माझी तशी ठाम समजूत होती.

जागा खाणारा जॉब लवकर सापडला. रिपोर्टच्या पीडीएफ बनवताना तो तात्पुरत्या फाइली एम्प्टी-डिर व्हॉल्यूममध्ये (पॉडसाठी नोडच्या डिस्कवरची तात्पुरती जागा) टाकत होता आणि त्या व्हॉल्यूमला मर्यादा घातलेली नव्हती. नोड कॉर्डन केला (नवे पॉड तिथे येणं थांबवलं), जॉब तिथून काढला. तो चौथ्या नोडवर जाऊन बसला आणि पाऊण तासात तिथून ‘इव्हिक्टेड’ (हाकललेला) होऊन बाहेर पडला. म्हणजे चौथ्या नोडने जे करायला हवं होतं ते बरोबर केलं. तिसऱ्याने का नाही केलं?

पहिला संशय अर्थात फाइलवर. दहा दिवसांपूर्वी आम्ही क्युबलेटच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक बदल केला होता. मेमरी अगदी तळाला गेल्यावर क्युबलेट जागा होतो (मूळ मर्यादा १०० मेबीबाइट) आणि त्याच्या आधीच लिनक्स कर्नल प्रोसेस मारून मोकळा होतो, हा त्रास आम्हाला वरचेवर व्हायचा. म्हणून ‘इव्हिक्शन हार्ड’ या भागात (पॉड कधी हाकलायचे त्याच्या मर्यादा) मेमरीची मर्यादा ५०० केली आणि अन्सिबलने (अनेक मशिनांवर एकदम काम करणारं साधन) ती फाइल सगळीकडे पाठवली. आता सहाही नोडवर त्या फाइलचा एमडी-फाइव्ह (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढला. सहाही आकडे तंतोतंत सारखे. फाइल एक, वागणूक दोन.

इथे माझा एक तास गेला, कारण मी फाइलच पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग चालत्या प्रोसेसकडे पाहिलं. पीएसमध्ये (चालू प्रोसेसची यादी) चौथ्या नोडवरची क्युबलेटची कमांड इतरांपेक्षा लांब होती. शेवटी ‘इव्हिक्शन-हार्ड’ नावाचा फ्लॅग (कमांडला जोडलेली सेटिंग) आणि त्यात चार मर्यादा: मेमरी, नोडची डिस्क, इमेजची डिस्क, आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी).

लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीला विचारलं की हा क्युबलेट सुरू कसा करतोस, तर उत्तर क्युबॲडमच्या ड्रॉप-इन फाइलमध्ये (मूळ सेटिंगला जोडलेली फाइल) होतं. क्युबलेट सुरू करणाऱ्या ओळीत चार व्हेरिएबल एकामागे एक येतात आणि सगळ्यात शेवटी ‘क्युबलेट एक्स्ट्रा आर्ग्ज’. ते वाचलं जातं इटीसी-डिफॉल्ट फोल्डरातल्या क्युबलेट नावाच्या फाइलमधून. त्या फाइलच्या नावाआधी एक छोटी आडवी रेघ आहे. तिचा अर्थ: फाइल नसेल तर काही न बोलता पुढे जा. पाच नोडवर ती फाइल नव्हती. चौथ्यावर होती, कोणीतरी फार पूर्वी लिहिलेली. क्युबलेटचा नियम असा की कमांडवरचा फ्लॅग कॉन्फिग फाइलवर मात करतो. म्हणजे आमचा ५०० चा बदल चौथ्या नोडवर कधी लागूच झाला नव्हता, आणि दहा दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पण यातून चौथ्याचं कोडं सुटलं, तिसऱ्याचं तसंच राहिलं. तिसऱ्यावर आमचीच फाइल चालू होती, फ्लॅग नव्हता. मग एपीआय सर्व्हरमार्फत (क्लस्टरचं मुख्य दार) नोडच्या ‘कॉन्फिगझेड’ला विचारलं. क्युबलेटने सगळे थर (मूळ आकडे, फाइल, फ्लॅग) एकत्र करून शेवटी काय धरलंय ते हा पत्ता सांगतो. तिसऱ्या नोडच्या उत्तरात ‘इव्हिक्शन हार्ड’खाली एकच नोंद होती: मेमरी, ५००. डिस्कच्या मर्यादा गायब.

माझ्या डोक्यात थरांचं चित्र साधं होतं. मी एक आकडा बदलला, उरलेले तीन मुळातले राहतील. क्युबलेट तसं करत नाही. या भागात तुम्ही एकही मर्यादा स्वतः लिहिलीत की बाकीच्यांचे मूळ आकडे येत नाहीत, त्या शून्य धरल्या जातात. अधिकृत दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि मूळ आकडे मिसळून घ्यायची वेगळी सेटिंग नव्या आवृत्त्यांत आली आहे. कोण कोणावर मात करतं, एवढंच मी पाहत होते. मात करताना तो एक आकडा बदलतो की अख्खा भाग, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

आणि पुरावा दहा दिवस डोळ्यांसमोर होता. नोडच्या माहितीत ‘कपॅसिटी’ आणि ‘ॲलोकेटेबल’ असे दोन रकाने असतात. एकूण डिस्कमधून इव्हिक्शनची मर्यादा वजा होऊन दुसरा आकडा येतो. तिसऱ्या नोडवर एफेमरल स्टोरेजचे (नोडची तात्पुरती डिस्क-जागा) दोन्ही आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. चौथा नोड त्याने बसवला होता. “अगं, ती ओळ अजून आहे?” त्याला खरंच आश्चर्य वाटलं. “त्या नोडची डिस्क लहान होती, म्हणून १५ टक्के ठेवले. आणि एकच लिहिलं तर बाकीचे उडतात, म्हणून चारही लिहिले.” जे मला रात्री दोन वाजता कळलं ते त्याला तेव्हाच माहीत होतं, फक्त ते एका नोडवरच्या एका फाइलमध्ये राहून गेलं.

दुरुस्ती करताना नुसती नोडवरची फाइल बदलून भागत नाही. क्युबॲडम आपली प्रत क्लस्टरच्याच कुब-सिस्टम भागातल्या कॉन्फिगमॅपमध्ये (सेटिंग साठवायची जागा) ठेवतो आणि पुढच्या अपग्रेडला नोडवरची फाइल त्यावरून पुन्हा लिहितो. म्हणून चारही मर्यादा कॉन्फिगमॅपमध्ये घातल्या. डिस्कसाठी त्याचेच १५ टक्के सगळीकडे ठेवले. मग नोडवरच्या फाइली त्यावरून ताज्या केल्या, चौथ्यावरची ती ओळ काढली आणि एकेक क्युबलेट रीस्टार्ट केला. सहाही ठिकाणचं ‘कॉन्फिगझेड’ काढून डिफ मारला. फरक शून्य.

तरीही तिसऱ्या नोडवर एक मोठी फाइल मुद्दाम बनवून डिस्क भरत नेली. १५ टक्क्यांची रेघ ओलांडल्यावर काही सेकंदांत डिस्क प्रेशरच्या पुढे ‘ट्रू’ आलं. मी फाइल पुसली आणि नोड पुन्हा कामाला लावला.