विमानाची लांबी

आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसवर गेली तीन वर्षं एक मिग-२१ लढाऊ विमान उभं आहे, प्लॅस्टिकचे तुकडे जोडून करायचं मॉडेल. आल्या-गेल्याला बायको सांगते, "हे ह्यांचं विमान. होत आलंय." या 'होत आलंय'मध्ये तिने काय काय भरलेलं असतं ते मलाच कळतं. खरं मिग १९६३ साली हवाई दलात दाखल झालं, बासष्ट वर्षं नोकरी करून २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला सन्मानाने निवृत्त झालं. माझं अजून कामावर रुजू व्हायचंय.

माप १/७२. हा आकडा ऐकला की लोक विचारतात, बहात्तरच का, शंभर का नाही? हिशोब फुटा-इंचांचा आहे. सहा फुटांचे इंच होतात ७२, म्हणून सहा फुटी माणूस या मापात बरोबर एक इंचाचा. १९३६ साली इंग्लंडात फ्रॉग पेंग्विन नावाने प्लॅस्टिकचे जोडणी-संच निघाले, तेही याच मापाचे. खऱ्या मिगच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, म्हणजे माझ्याकडे तो दहा सेंटीमीटरही भरत नाही. नाकावरच्या दांडीसकट विमानाची लांबी एक वीत. विमानाला भरलेली लांबी मात्र त्याहून जास्त असेल.

ही दुसरी लांबी म्हणजे गॅरेजवाले गाडीच्या पोच्यात भरतात ती. मिगचं धड दोन उभ्या फाकांत येतं, चवळीच्या शेंगेसारखं. पातळ सिमेंटचा (घर बांधायचं नव्हे, प्लॅस्टिक जोडायचं) ब्रश सांध्यावरून फिरवला की प्लॅस्टिक जरासं विरघळतं आणि दोन्ही फाका एकजीव होतात. ते चिकटवणं नव्हे, वेल्डिंगच म्हणा. तरी पाठीवर एक रेघ उरतेच. तिच्यात लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपर ओला करून घासायची, प्रायमर मारायचा. की रेघ पुन्हा हजर. पुन्हा लांबी. एमआयडीसीतला एक पेंटर मला म्हणाला होता, "सायेब, डोळ्यानं बघू नका, बोटानं बघा." तेव्हापासून मी डोळे मिटून विमान कुरवाळतो. घरच्यांना याची सवय झाली आहे.

रंगाचीही एक गंमत आहे. खऱ्या विमानाचाच रंग डबीतून जसाच्या तसा मारला, तर एवढ्याशा विमानावर तो गडद आणि खोटा दिसतो. लांबचा अजिंक्यतारा जसा फिकट निळसर दिसतो, तसं छोट्या वस्तूकडेही आपण लांबूनच पाहत असतो. म्हणून रंगात थेंबभर पांढरा मिसळायचा. हे मला जमलं. पाण्यात भिजवून कागदावरून विमानावर सरकवायची हवाई दलाची चक्रंही जमली. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. अडलं ते शेवटच्या मॅट वॉर्निशपाशी.

अडायचं कारण आमचा पाऊस. जूनमध्ये यवतेश्वरावर ढग टेकले की साताऱ्यात पापड वाळत नाहीत, तिथे वॉर्निश काय वाळणार. हवेत दमटपणा असला की वॉर्निशवर दुधाळ साय धरते आणि तीन महिन्यांचं काम पाच मिनिटांत मोतीबिंदू झाल्यासारखं दिसतं. पहिल्या वर्षी मी हे करून पाहिलं. दुसऱ्या वर्षी पाऊस थांबायची वाट पाहिली, आणि तो थांबल्यावर विसरलो.

पण लहानपणी हाच पाऊस थांबायची वाट पाहून आम्ही दरवर्षी एक अख्खं मॉडेल पुरं करत होतो की! दिवाळीचा किल्ला. विटा, दगड, त्यावर गोणपाट, वर चिखलाचा थर आणि त्यात पेरलेले हळीव. मापाचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. कुंभारवाड्यातून आणलेला मावळा चार इंची, म्हणजे साधारण १/१६. त्या मापाने अजिंक्यतारा करायचा तर गावापासूनची त्याची तीनशे मीटरची उंची जवळपास एकोणीस मीटर भरली असती, सहामजली इमारतीएवढी. आमचा जेमतेम तीन फुटी. मावळा वाकला तरी महादरवाजातून आत गेला नसता. शेजारी मावळ्याहून मोठी गवळण, आणि दोघांना पुरून उरेल असा वाघ. एक बुरूज दरवर्षी ढासळायचा, कारण ओढ्याची माती आणायचं काम नेहमी आळशी माणसाकडे (माझ्याकडे) असायचं. तरीही वसुबारसेला किल्ला झालेला असायचा. 'होत आलाय' म्हणायची सोयच नव्हती. गल्लीतले लोक पणत्या घेऊन बघायला यायचे, तेव्हा ढासळलेल्या बुरुजाला आम्ही 'इथे तोफ लागली' असं सांगायचो.

मिगला मात्र वसुबारस नाही, हीच खरी पंचाईत. म्हणून यंदा मी तारीख ठरवून टाकली. कोजागरी झाली, आभाळ निवळलं, सकाळची हवा अंगाला कोरडी लागायला लागली. एका रविवारी गच्चीवर नेऊन वॉर्निश मारलं. साय नाही, डाग नाही. दिवसभर मी दर तासाला जिना चढत होतो.

आणि सोमवारी दिवाळीची साफसफाई निघाली. बायकोने कागदाची एक पुडी हातात ठेवली. वर बॉलपेनने लिहिलं होतं : विमानाचं नाक. आत ती पुढची दांडी, दोन तुकड्यांत. "फडकं नुसतं लागलं हो," ती म्हणाली. माझी चिडायची तयारी होती, पण पुडी इतकी नीट घडी घालून बांधली होती की राहून गेलं.

मॉडेलवाल्यांचा यावर एक जुना उपाय आहे, इंजेक्शनची सुई. टोक घासून बोथट केलं की ती प्लॅस्टिकच्या दांडीपेक्षा सरळ आणि मजबूत. संध्याकाळी पोवई नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो.

"२३ नंबरची सुई द्या. सिरिंज नको."

"नुसती सुई?" त्याने चष्म्यावरून पाहिलं. "पेशंट लहान आहे का मोठा, काका?"

"वीतभर आहे," मी म्हणालो.

त्याने दोन दिल्या.