एवढ्या बारीक, मग शुगर कशी?

पंगतीत जिलेबीला नको म्हटलं की प्रश्न ठरलेला, "तुम्ही एवढ्या काडीपैलवान, तुम्हाला कसली आलीय शुगर?" पाठोपाठ विचारणाऱ्यानेच दिलेलं उत्तर, "घराण्यात असेल." आहे ना, घराण्यात आहे. पण घराण्यातून नेमकं काय येतं, यावर आपल्या पुण्यातच बरंच काम झालंय. विचारलंत, तर सांगते.

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मोजणाऱ्या डेक्सा या क्ष-किरण तपासणीत मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. जेवणातली साखर मुख्यतः स्नायू वापरतात, आणि पोटातली चरबी ही साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनच्या आड येते. वजनकाट्यावर यातलं काहीच दिसत नाही.

ही ठेवण येते कुठून? आपलं बैठं काम, फरसाण, गोडधोड, असं आपण पटकन म्हणतो. याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची वजनं-मापं, ताटातलं जेवण, रक्त अशी सगळी नोंद ठेवली, तीही दिवस जाण्याआधीपासून. शेतात राबणाऱ्या या बायका, सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आठशे ग्रॅमची तूट. पण ती सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली कॅलिपरच्या चिमट्याने मोजलेली चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत! ज्या बाळाला आपण हडकुळं म्हणतो, त्याच्यात चरबीचा वाटा जास्त. म्हणजे फरसाण तोंडात जाण्याच्या कितीतरी आधीच निम्मी गोष्ट घडून गेलेली असते.

त्याच गावांतल्या सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी होतं. 2008 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की गरोदरपणी जिचं फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीतून मिळतं ते जीवनसत्त्व) भरपूर पण बी-12 कमी, तिच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त. (हे वाचून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करू नका. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती लागतेच. बी-12 तपासून घ्या, एवढंच. शाकाहारी ताटात ते दूध-दह्यातून येतं तेवढंच.)

जनुकं आहेतच. टीसीएफ7एल2 नावाच्या जनुकातले काही बदल युरोपात मधुमेहाशी जोडलेले सापडले, तसे 2007 साली पुण्याच्या रुग्णांमध्येही सापडले. पण असा एखादा बदल धोका थोडाफार वाढवतो, निकाल लावत नाही. म्हणून "रक्तातच आहे, काय करणार" म्हणत हात झटकणाऱ्यांचा मला राग येतो. माझ्या आईने मला जनुकं दिली, तसं तिच्या अर्धपोटी गरोदरपणातलं पोषणही दिलं. घरातल्या बायकांनी सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं जेवायचं, ही रीतसुद्धा घराण्यातूनच येते, आणि ती बदलायला प्रयोगशाळा लागत नाही.

आता तुमचं. आई-वडिलांपैकी कोणाला शुगर असेल तर तिशीनंतर रक्त तपासत जा, वजन कितीही असो. भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ 25 नव्हे, 23 बीएमआयला धरतात. कंबर पुरुषांची 90 आणि बायकांची 80 सेंटीमीटरच्या आत हवी. शिंप्याची टेप चालते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आमच्या ह्यांनी ओढलं होतं.