पंक्तीला इंजिनिअर

परवा दुपारी घरात एकटाच जेवत असताना भाताचे आळे फुटले आणि आमटी थेट कोशिंबिरीला जाऊन मिळाली. भाताला आळे करावे, त्यात काठोकाठ आमटी ओतावी आणि भिंत कुठून खचते ते पाहत बसावे, ही माझी खोड पन्नाशी उलटली तरी गेलेली नाही. त्या दुपारी वाटले, की भिंत तिथेच का फुटली हे सांगू शकतील अशी माणसे एकदा जेवायला बोलवावीत. मनातल्या पंक्तीला कवी आणि गवई सगळेच बोलावतात. इंजिनिअरांसाठी पाट कोणी मांडत नाही. आमच्या नात्यातले एक इंजिनिअर पहिल्या घासाआधीच छताकडे पाहून "इथे ओल येते का हो?" असे विचारतात आणि मग ताक वाढेपर्यंत गच्चीच्या उतारावरच बोलणे चालते. मला असे पाहुणे आवडतात.

पहिले आमंत्रण ब्रुनेल पितापुत्रांना, कारण नदीच्या तळाखाली पंगत बसवण्याचा अनुभव त्यांच्याइतका कोणाला असणार? लंडनमध्ये थेम्सखालून बोगदा काढताना मे १८२७ मध्ये नदी आत घुसली. पाणी उपसून झाल्यावर लोकांच्या मनातली भीती जावी म्हणून त्यांनी नोव्हेंबरात त्याच बोगद्यात मेजवानी दिली; एका कमानीखाली प्रतिष्ठित पाहुणे, शेजारच्या कमानीखाली खोदकाम करणारे मजूर आणि जोडीला लष्करी बँड. जानेवारी १८२८ मध्ये नदी पुन्हा आत आली, सहा जण गेले आणि धाकटा इझम्बार्ड थोडक्यात बचावला. पुढे १८४३ मध्ये मुलांना जादू दाखवताना याच इझम्बार्डने तोंडातले नाणे श्वासनलिकेत घालवले, आणि ते निघावे म्हणून स्वतःच आखलेल्या फळीला बांधून घेऊन तो उलटा झाला. त्याला आमटी वाढताना आमसूल तेवढे आठवणीने काढून ठेवायला हवे.

दुसरा पाट ए. ललिता यांचा. अठराव्या वर्षी वैधव्य आले तेव्हा मांडीवर चार महिन्यांची मुलगी होती; त्यानंतर चाळीसच्या दशकात त्या मद्रासच्या गिंडी कॉलेजातून विद्युत अभियंता होऊन बाहेर पडल्या आणि पुढे भाक्रा-नांगलच्या कामातही त्यांचा हात लागला. त्यांच्या पदवीपत्रावरचा पुरुषवाचक शब्द खोडून स्त्रीवाचक लिहावा लागला, असे सांगतात. ज्या काळी विधवेला मंगल कार्याच्या पंक्तीत पाट मिळत नसे, त्या काळातल्या या बाईंना मी मधला पाट देईन, आणि ब्रुनेल मंडळींनी थोडे सरकून बसावे.

तिसरे पाहुणे विश्वेश्वरय्या. ते म्हैसूरचे खरे, पण शिकले पुण्याच्या सायन्स कॉलेजात आणि नोकरीला लागले मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात, तेव्हा निम्मे आमचेच. फेटा बांधून, ठरल्या मिनिटाला ते दारात उभे राहतील आणि माझा कुकर तेव्हा दुसऱ्या शिट्टीवर असेल. खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी जी स्वयंचलित दारे बसवली, त्यांच्याविषयी त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहे: पाणी ठरल्या पातळीवर चढले की माणसाचा हात न लागता दारे उघडतात आणि पाणी उतरले की आपोआप मिटतात. माझ्या भाताच्या आळ्याला नेमके तेवढेच कमी असते.

इथवर बेत छान जमतो. अडचण आजीची आहे.

लहानपणी शनिवार पेठेतल्या वाड्यात मी आळे फोडले, की आजी हातावर चापट मारायची. "ताटात धरण फोडायचं नाही," एवढेच म्हणायची आणि वाढायला पुढे सरकायची. कोनाड्याच्या वर, माझा हात पोचत नसे तिथे, भिंतीवर मातकट रेघ होती. चुना कितीदा दिला तरी पावसाळ्यात ती वर यायची. आजीच्या बोलण्यात कुठल्याही गोष्टीचा काळ पुराआधीचा किंवा पुरानंतरचा असायचा. १२ जुलै १९६१ रोजी, बांधकाम पुरते झालेले नसताना भरलेले पानशेत फुटले आणि तो लोंढा झेलताना खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही गेली. तिथे त्या दारांचा काही दोष नव्हता; एवढ्या पाण्यापुढे ती पुरणारच नव्हती.

विश्वेश्वरय्या त्या दिवशी हयात होते. शंभरी पुरी व्हायला दोन महिने बाकी होते, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते गेले. पानावर बसलेल्या माणसाला, तेही इतक्या वृद्ध, असे काही विचारू नये हे मला कळते. पण वाढायला आजीच असणार, आणि त्यांच्या पानात भात वाढल्यावर तिने आमटीसाठी आळे करावे की भात तसाच ठेवावा, हे मी तिला कसे सांगू?