चादर उलटी करून बघा

पुण्याहून नणंदेचा फोन आला की तिसऱ्या वाक्याला चादर निघतेच. "वहिनी, इथं प्रदर्शनात सोलापुरी म्हणून देतायत. घेऊ का?" मी म्हणते, आधी उलटी कर. इकडं लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर तिकडं पांढऱ्या जमिनीवर लाल फूल दिसलं पाहिजे. जेकार्ड मागावर विणलेल्या चादरीत नक्षी विणीतच असते, त्यामुळं दोन्हीकडून उठून दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. वरून छापलेली असली की मागून फिक्की पडते. भौगोलिक मानांकन मिळालं, तरी आमच्या नावावर बाहेरचा माल खपतोच.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी 19 वर्षं चेकिंगला होते. त्याआधी 2 वर्षं टॉवेलच्या कडा शिवल्या. तिथून मला उचलून आपल्या टेबलाशी उभं केलं ते अक्कानं. अक्का पद्मशाली, विणकर समाजातली. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी आणि शेठसमोर गप्प. पहिले 3 महिने तिनं मला एकही चादर पास करू दिली नाही. नुसतं म्हणायची, "हात फिरव." डोळा फुलाकडं जातो, रंगाला भुलतो. बोटाला फुलाचं काही देणंघेणं नसतं. ताण्याचा दोरा तुटला असला की उभी रेघ लागते, बाण्याचा चुकला की आडवी. गाठ खड्यासारखी टोचते. सापडलं की खडूनं गोल करायचा. संध्याकाळी टेबलाशेजारी तीन थप्प्या असायच्या: फ्रेश, दुरुस्ती आणि सेकंड. वर्षभरानं माझं बोट गप्पा मारता मारता आपोआप थांबायला लागलं. का थांबलं ते मग बघायचं, तिथं काहीतरी असायचंच.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या 5व्या अध्यायाच्या शेवटी लेखक प्रौढ माणसांबद्दल बोलतो. बरं-वाईट ओळखायला ज्यांची इंद्रियं सरावानं तयार झालीत ती माणसं प्रौढ, असं तो म्हणतो. आमच्या महिला मंडळात हे वचन निघालं की बायका 'आत्म्याचं दान' वगैरे म्हणत वर बघतात. मला मात्र अक्काचं टेबल आठवतं. सराव म्हणजे सराव, त्यात वर बघण्यासारखं काय आहे?

पण माझ्या बोटांचं इतकं कौतुक करून झालं, आता पुढचं सांगते.

एका शनिवारी 40 चादरींची थप्पी मी न उघडता पास केली. पाण्याचा दिवस होता. सोलापुरात राहणाऱ्याला यापुढं काही सांगायला नको. नळ संध्याकाळी येणार आणि मी घरी नसले तर पुढचे चार-पाच दिवस बादल्या मोजत काढायचे. वरच्या दोन चादरी बघितल्या, बाकीच्यांवर खडूची खूण ओढली आणि पळाले. त्यातल्या 11 परत आल्या. शेठ नव्या पोरीवर ओरडले आणि मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी जाऊन कबूल केलं, 2 दिवसांचा पगार कापून घेतला. पुढं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्ष देताना मी म्हटलं, "प्रभूनं मला दोषी ठरवलं." सगळ्यांनी हालेलूया म्हटलं. खरं काय झालं होतं? अक्कानं परत आलेल्या चादरीवरची खडूची खूण बघितली होती. माझी खूण डावीकडं झुकते, हे तिला माहीत होतं. ती काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडं बघून डबा उघडला. तिनं ती खूण बघितली नसती तर मी गेले असते का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. म्हणजे साक्षसुद्धा मी न उघडताच पास केली होती.

दुसरी गोष्ट 2018 च्या उन्हाळ्यातली. आमच्या घरसभेला बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. मे महिना, कूलर नुसती गरम हवा फेकतोय, सतरंजीवर पंचवीस-तीस माणसं. लेक तेव्हा नर्सिंगच्या प्रवेशासाठी धडपडत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू मला विमान दाखवतोय. तीन वर्षांत ही मुलगी परदेशात सेवा करील." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, विश्वासाचं बी पेरा." फीसाठी बाजूला ठेवलेल्यातले 5000 रुपये मी पाकिटात घालून दिले. आमचे हे दाराशी उभे होते. त्यांनी एकदा खोकल्यासारखं केलं, मी तिकडं बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभी राहून अक्काला सगळं रंगवून सांगितलं. तिनं हातातली चादर खाली ठेवली नाही. "पैसे घेतले का त्यांनी?"

"घेतले नाही अक्का. मी पेरले."

"कुणाच्या शेतात?"

अक्का मार्कंडेयाची भक्त. नारळी पौर्णिमेला रथाची मिरवणूक निघते तेव्हा तिला कामावर बोलवायची कुणाची हिंमत नसते. पवित्र शास्त्राचं एक पानही तिनं वाचलेलं नाही. मी लहानपणापासून शब्बाथ शाळेत बक्षिसं घेतलेली. मत्तयाच्या 7व्या अध्यायात येशूनं खोट्या संदेष्ट्यांना ओळखायची खूण दिली आहे, फळांवरून ओळखा, हे मला तोंडपाठ होतं. पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं की संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळ्याची पारख करा आणि चांगलं ते धरून ठेवा, तेही पाठ. मग त्या सतरंजीवर माझं बोट का थांबलं नाही?

लेक 3 वर्षांत परदेशात गेली नाही, हे वाचणाऱ्यांनी ओळखलंच असेल. ती पुण्यात आहे, चांगली आहे.

ही गोष्ट मी पाळकसाहेबांना सांगितली ती खूप उशिरा. मला वाटलं होतं ते त्या प्रचारकांवर चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, मुलीनं परदेशात जावं असं तुम्ही त्याआधी कुणाकुणाला म्हणाला होता?" कुणाकुणाला? उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी उभी राहून मी वर्षभर दुसरं काही बोललेच नव्हते. म्हणजे त्या माणसाला ते कळायला स्वर्गातून काही यायची गरज नव्हती. आणि मला ते खरं वाटायला माझी हावच पुरेशी होती. त्या शनिवारी पाणी हवं होतं म्हणून चादरीतला दोष दिसला नाही, आणि इथं विमान हवं होतं म्हणून माणसातला. ज्ञान दोन्ही वेळा होतं.

त्यानंतर रोमकरांस पत्राचा 12वा अध्याय मी वेगळा वाचायला लागले. पौल म्हणतो, मन नवं होऊन तुमचं रूपांतर होऊ द्या, म्हणजे देवाची इच्छा काय ते तुम्हाला पारखता येईल. आम्ही नेमकं उलट करतो. आधी देवाची इच्छा कळू दे, मग बघू आमचं काय बदलायचं ते. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची यादी आहे, तिच्या शेवटी इंद्रियदमन येतं. मला ते फार दिवस उपासतापासाचं काहीतरी वाटायचं. आता वाटतं, ज्याला आपली हाव थोडा वेळ बाजूला धरता येत नाही, त्यानं चेकिंगच्या टेबलाशी उभंच राहू नये.

'मला शांती वाटते' हे आमच्या मंडळीतलं आवडतं वाक्य. जमीन घेतली, शांती वाटते. भावाशी बोलणं सोडलं, शांती वाटते. पाकीट देताना मलाही भरपूर शांती वाटली होती. या वाक्यावर माझा आता राग आहे, थोडा जास्तच असेल.

म्हणून मी एक साधी वही केली आहे. देवाला काही विचारण्याआधी पानाच्या वर लिहायचं, मला काय हवंय. गोड करून नाही, आहे तसं. गेल्या महिन्यात जाऊबाईंना वरची खोली द्यायची का, हा विषय होता. मी लिहिलं, 'द्यायची नाही. तिनं सासूबाईंच्या आजारपणात काही केलं नाही.' लिहून झाल्यावर प्रार्थना करायला लाज वाटली, पण निदान खोटी प्रार्थना झाली नाही. खोली अजून दिलेली नाही. वही उघडी आहे.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. मी दर वेळी त्या बाजूची खिडकी धरते. बाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण ज्यांनी त्यांना शिकवलं त्या सिस्टरबाईंशीही त्या पत्रांमधून वाद घालत राहिल्या. कुणी सांगितलं म्हणून मानायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. पुढं मूळ भाषा शिकून आख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं आणि 1922 मध्ये गेल्या. त्यांना कुणी म्हटलं असतं की प्रभू मला विमान दाखवतोय, तर बाईंनी काय विचारलं असतं, असा विचार करत माझं केडगाव निघून जातं.

या शनिवारी परत जायचंय. लेकीनं फोनवर सांगितलं, एक मुलगा आहे, हॉस्पिटलातच लॅबमध्ये. मंडळीत गिटार वाजवतो. "आई, मी प्रार्थना केली. मला शांती वाटते."

मी घोट गिळला. म्हटलं, "बरं. त्याला उलटा करून बघितलंस का?"

ती हसली नाही. म्हणाली, "बघितलं. रात्रपाळीला वॉर्डातल्या मावशींशी कसा बोलतो ते 8 महिने बघतेय. एकदा रिपोर्टची अदलाबदल झाली, ती चूक कुणाला कळली नसती. ह्यानं स्वतः जाऊन सांगितली."

"किती दिवसांनी?"

"दिवसांनी काय, आई? त्याच रात्री."

मी तीन दिवस घेतले होते, हे तिला माहीत नाही. शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधायला घेतली आहे. चष्मा आधी पर्समध्ये टाकलाय.