शेअर्ड लायब्ररीसाठी कंपायलर निवडताना

शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम चालताना वापरतात तो तयार कोड, बांधायची म्हटली की मी कंपायलरचा वेग नाही, आधी एबीआय बघतो, म्हणजे कंपाइल झालेला कोड एकमेकांशी कसा जुळतो त्याचे नियम. स्ट्रक्टमध्ये पॅडिंग (रिकामे बाइट) कुठे पडतं, आर्ग्युमेंट कुठल्या रजिस्टरमधून जातं, हे समोरच्या प्रोग्रामशी तंतोतंत जुळायला हवं. नाहीतर लिंक बिनबोभाट होते आणि चालताना भलतीच व्हॅल्यू हाती येते. लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर एकच एबीआय पाळतात, त्यामुळे माझी निवड या दोघांपुरतीच. रिलीझ जीसीसीनेच, १९८७ पासून तो घासूनपुसून निघालाय. क्लँगवर तोच कोड पुन्हा फिरवतो, त्याच्या वॉर्निंग वेगळं काही पकडतात म्हणून.

एफपिक (-fPIC) फ्लॅग हवाच, त्याने कोड मेमरीत कुठेही लोड होऊ शकतो. तो राहिला तर एक्स८६-६४ (६४-बिट इंटेल/एएमडी) वर लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे जोडणारा प्रोग्राम, बहुधा तिथेच अडवतो, आणि ते फार बरं आहे.

सिंबॉलची (फंक्शन, व्हेरिएबलच्या नावांची) व्हिजिबिलिटी मी हिडन ठेवतो, बाहेर द्यायची तेवढीच फंक्शन्स उघडी करतो. मग एनएम हे सिंबॉल दाखवणारं टूल चालवून डायनॅमिक सिंबॉलची, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या नावांची, यादी नजरेखालून घालायची. आतलं एखादं मदतनीस फंक्शन तिथे दिसलं, की उद्या कुणीतरी त्यावर विसंबणार हे नक्की!

आणि बिल्ड करा ते, लायब्ररी जिथे चालायला हवी त्यातल्या जुन्यात जुन्या सिस्टिमवर. नव्या जीलिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बांधलेली लायब्ररी जुन्यावर अनेकदा लोडच होत नाही.