पासवर्ड चोरीला गेलाच नव्हता: एका प्लगिनच्या मागे लागल्याचा माझा अनुभव

“आमच्या प्लगिनमध्ये नॉन्स तपासला जातो. त्यामुळे अडचण तुमच्या पासवर्डमध्ये असावी.” एका प्लगिनच्या (साइटला जोडायच्या तयार कोडच्या) विकसकांकडून हे उत्तर मला इतक्या वेळा आलं की अजून आठवलं तरी डोकं तापतं. (नॉन्स म्हणजे पानासोबत दिलेला, थोडा वेळ चालणारा सांकेतिक शब्द. रिक्वेस्टसोबत तो परत पाठवावा लागतो.) वर्डप्रेसची, म्हणजे साइट बनवायच्या त्या तयार प्रणालीवरची, साइट सांभाळणाऱ्या कुणालाही उद्या हेच ऐकावं लागेल, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, गावातल्या दुकानदारांच्या साइट बघते. त्यातलं एक दुकान हळद-बेदाण्याचं, मार्केट यार्डाजवळ. साइट वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायच्या प्लगिनवर. पैसे थेट यूपीआयवर घेण्यासाठी एक छोटं प्लगिन होतं: सेटिंगमध्ये आयडी टाकला की ऑर्डर करताना क्यूआर कोड दिसतो. दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, पैसे कापले गेले पण ऑर्डरचं काही कळत नाही. दुकानदार काकांच्या खात्यात रुपयाही आला नव्हता. मी क्यूआर स्कॅन करून बघितला, तर नाव भलत्याच माणसाचं.

प्लगिन तिथल्या तिथे बंद केलं आणि काकांच्या बँकेचा क्यूआर साधं चित्र म्हणून लावला. ज्यांचे पैसे गेले त्यांना आम्हीच फोन करून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करायला सांगितलं. ही तक्रार पैसे भरणाऱ्यानेच करायची असते आणि जितकी लवकर केली तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. पुण्याच्या गिऱ्हाइकाचे पैसे वाचले ते त्यांनी लगेच फोन केला म्हणून.

होस्टिंगवाल्यांनी पासवर्ड बदला म्हणून सांगितलं. बदलला. पण लॉगमध्ये, म्हणजे साइटवर कोण कधी आलं त्या नोंदींत, ॲडमिनचं एकही अनोळखी लॉगिन नव्हतं. दिसलं ते असं: एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) नवीन ग्राहक खातं उघडलं गेलं, त्या खात्यावर ऑर्डर शून्य, आणि थोड्याच वेळात त्याच आयपीवरून ‘ॲडमिन-एजॅक्स’ या फाइलला (पान न बदलता साइटला काम सांगायची वर्डप्रेसची फाइल) पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे माहिती पाठवणारी विनंती. आत काय पाठवलं हे साध्या लॉगमध्ये उमटत नाही, फक्त दार वाजल्याची नोंद राहते. (हे लॉग होस्टिंगवर फार दिवस टिकत नाहीत. गडबड दिसली की दुसरं काही करायच्या आधी ते उतरवून घ्या.)

मग प्लगिनचा कोड उघडला. सेटिंग जतन करणारं फंक्शन ‘डब्ल्यूपी एजॅक्स’ हुकवर, म्हणजे अशी विनंती आली की कोड चालवणाऱ्या खुंटीवर, बांधलेलं. हा हुक लॉगिन केलेल्या प्रत्येकासाठी उघडा असतो, मालक असो की काल खातं उघडलेलं गिऱ्हाईक. फंक्शनच्या पहिल्या ओळीत नॉन्सची तपासणी, आणि दुसऱ्या ओळीत थेट ‘अपडेट ऑप्शन’, म्हणजे सेटिंग बदलून टाकणं. मध्ये ‘करंट यूजर कॅन’ हवं होतं, म्हणजे या माणसाला सेटिंग बदलायचा अधिकार आहे का हा प्रश्न. तो अख्ख्या प्लगिनमध्ये कुठेच नव्हता. आणि तो नॉन्स? ग्राहकाच्या ‘माझे खाते’ पानाच्या सोर्समध्ये उघडउघड छापलेला. उचलायचा आणि पाठवायचा.

काकांना समजावताना मी म्हटलं, “काका, यार्डात हळदीचा सौदा बघायला कुणीही उभं राहतं, पण खरेदीला परवाना लागतो ना? इथे परवाना विचारणाराच कुणी नव्हता.” त्यांना एका मिनिटात पटलं. प्लगिन बनवणाऱ्यांना पटायला मात्र युगं लागली.

मी त्यांना फाइलचं नाव, ओळ, सगळं लिहून पाठवलं. उत्तर: नॉन्स आहे. मी लिहिलं की नॉन्स एवढंच सांगतो की ही रिक्वेस्ट आमच्याच पानावरून, याच लॉगिनमधून आली. पाठवणाऱ्याला अधिकार आहे का हे तो सांगत नाही. नॉन्सवर अधिकाराची भिस्त ठेवू नका, असं वर्डप्रेसच्या विकसकांसाठीच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे, तो उतारा जोडला. उत्तर: आमची सुरक्षा वर्डप्रेसच्या नियमांप्रमाणेच आहे. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींच्या सीडब्ल्यूई यादीत या त्रुटीला सीडब्ल्यूई-८६२ असा क्रमांक आहे, ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातले दोष पहिल्या स्थानावर आहेत, हेही लिहिलं. २०१८ मध्ये डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स या प्लगिनमधून हेच घडलं होतं, एक लाखाहून जास्त साइटवर ते बसवलेलं होतं. अधिकार न तपासता ऑप्शन बदलू दिल्यामुळे हल्लेखोरांनी नोंदणी खुली केली, नव्या खात्याची भूमिका ॲडमिन करून टाकली आणि साइटमध्ये शिरले. त्यावर उत्तर आलं की कृपया तुमची पीएचपीची आवृत्ती कळवा.

प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून. एकाने सशुल्क आवृत्ती घ्यायला सुचवलं. एकाने तिकीट ‘सोडवले’ म्हणून बंद केलं. इकडे सणाची विक्री चालू, आणि मला रोज वाटायचं, हेच प्लगिन लावलेल्या इतर दुकानांचे पैसे या घडीला कुठे चाललेत? त्या लोकांना तर माहीतही नाही. हा राग अजून गेलेला नाही आणि तो योग्य आहे असंच मला वाटतं.

शेवटी मी लिहिणं थांबवून दाखवायचं ठरवलं. लॅपटॉपवर कोरी साइट उभी केली, प्लगिन टाकलं, साधं ग्राहक खातं उघडलं आणि त्या खात्यातून यूपीआय आयडी बदलताना स्क्रीन रेकॉर्ड केली. (दुसऱ्याच्या चालू साइटवर हे कधीही करू नका, आपलीच चाचणी साइट हवी.) तो व्हिडिओ आणि मोजक्या ओळी वर्डप्रेसच्या प्लगिन टीमला ईमेलने पाठवल्या. तिथून काम सरळ झालं. वर्डप्रेसच्या प्लगिन-संग्रहातून त्या प्लगिनचं डाउनलोड बंद झालं आणि त्यानंतर विकसकांचं पहिलं शहाणं पत्र आलं. हे मी आधीच केलं असतं तर बरं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण विकसकाला आधी संधी देणं हीच रीत आहे आणि ती बरोबरही आहे. फक्त त्याला एक मुदत द्या आणि ती पाळा. आणि उघड चर्चेत त्रुटीचा तपशील टाकू नका, दुरुस्ती यायच्या आत तो चोरांच्याच कामी येतो.

डाउनलोड बंद झालं तेव्हा माझ्या डॅशबोर्डवर त्याची काहीच सूचना आली नव्हती. म्हणून आता महिन्यातून एकदा मी त्या संग्रहातलं प्रत्येक प्लगिनचं पान उघडून बघते.

कोड वाचता येत असेल तर आणखी एक खूण. ‘इज ॲडमिन’ हे फंक्शन नावावरून अधिकार तपासतंय असं वाटतं, पण ते फक्त रिक्वेस्ट ॲडमिन भागात आली का एवढंच बघतं, आणि ‘ॲडमिन-एजॅक्स’ला आलेल्या रिक्वेस्टला ते कायम होच म्हणतं. माझ्या दुसऱ्या एका साइटवरच्या प्लगिनमध्ये हेच सापडलं. त्या विकसकाने मात्र दोन दिवसांत दुरुस्ती दिली, आभारही मानले. रेस्ट एपीआयच्या (बाहेरून साइटशी बोलायच्या दुसऱ्या वाटेच्या) कोडमध्ये ‘परमिशन कॉलबॅक’समोर, म्हणजे परवानगी तपासायच्या जागी, ‘रिटर्न ट्रू’ (सगळ्यांना हो) दिसलं आणि तिथून काही बदलता येत असेल, तरी थांबून विकसकाला विचारा. विचारताना लांबलचक पत्र लिहू नका. अधिकार कोणत्या ओळीवर तपासला जातो, एवढाच प्रश्न.

यूपीआयच्या प्लगिनची दुरुस्त आवृत्ती आली. बदलांच्या नोंदीत त्यांनी लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा’. गिऱ्हाइकांचे पैसे गेले त्याला किरकोळ म्हणायचं! असं वाचून कोणता दुकानदार घाईने अपडेट करेल? मी ओळखीच्या सगळ्यांना स्वतः फोन केले. अपडेट केल्याने पुढच्यासाठी दार बंद होतं, पण आधी बदललेला आयडी डेटाबेसमध्ये तसाच राहतो. तेव्हा अपडेटनंतर आपल्याच साइटवर ऑर्डर करून क्यूआर स्कॅन करा आणि पैसे भरायच्या आधी नाव वाचा. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी ॲडमिन आहे का, आणि नव्या खात्याची भूमिका कोणती ठेवली आहे, हेही त्याच बैठकीत बघून घ्या.